वकिलाचं वाक्य

त्याला सगळे वकील म्हणत. प्रत्यक्षात तो काचेच्या कारखान्यात साच्याच्या यंत्रावर होता. वितळलेल्या काचेचा लाल गोळा वरून साच्यात पडायचा, बाटली होऊन बाहेर यायची, आणि बाटली वाकडी यायला लागली की यंत्राला सरळ करायचं, एवढं त्याचं काम. शाळा अर्ध्यावर सुटलेली. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नाही, म्हणजे म्हणीच्या हिशेबानं शहाणाच म्हणायचा. पण जेवणाच्या सुट्टीत डब्याआधी त्याचं तोंड उघडायचं. समोरच्यानं एक म्हटलं की हा त्याच्या तीन बाजू काढून दाखवायचा. बायको म्हणायची, "यांच्याशी भांडायचं तर आदल्या दिवसापासून तयारीला बसावं लागतं." नाव पडलं ते पडलंच. पुढे लेकीला शाळेत बापाचा धंदा विचारला, तेव्हा पोरीनं बिनदिक्कत 'वकील' सांगितलं आणि बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. खरं कळल्यावर पुन्हा मागे.

काचेच्या भट्टीचं एक आहे, ती विझवता येत नाही. एकदा का थंड पडली की आतली काच आतच थिजते, भिंतींना धरून बसते, आणि मग पहारीनं फोडायची वेळ येते. काचही जाते, भट्टीही जाते. म्हणून जन्म असो, मरण असो, भट्टी पेटलेली, आणि ती पेटलेली म्हणून माणसं उभी. त्या काळी दोनच पाळ्या होत्या, बारा-बारा तासांच्या. वकील अंधारात जायचा आणि अंधारात यायचा. सुट्टीच्या दिवशी त्याला घरात पाहून तान्ही लेक घाबरायची, रडत शेजारणीकडे झेप घ्यायची. "रडू नको गं," बायको समजूत घालायची, "पाहुणे आहेत, उद्या जातील." हे ती हसून म्हणायची. निदान पहिली काही वर्षं तरी.

त्या कारखान्यात एक रीत होती. कुणी घालून दिली कुणाला ठाऊक नाही, मुकादमानं तर नक्कीच नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे बदली, कधीच भोंग्याबरोबर यायचा नाही. बराच आधी यायचा. मागे उभा राहून यंत्राचा आवाज ऐकायचा, आज कुठे कुरकुरतंय ते विचारायचा, मग पुढे सरकायचा आणि पहिला बाजूला व्हायचा. मधे एक क्षण जागा रिकामी नाही. उशिरा येणाऱ्याला कुणी बोलायचं नाही, पण महिनाभर त्याच्या डब्यात कुणी हात घालायचं नाही, आणि ही शिक्षा पगारकपातीपेक्षा भारी होती. एकदा वकिलाचा बदली तापानं फणफणून आला. वकिलानं त्याला आल्या पावली घरी धाडलं आणि त्याचीही पाळी स्वतःच उभ्यानं काढली. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर वकिलानं त्याला कायदा शिकवला असता.

कायदा तेव्हा नुकता आला होता. कामाचे तास आठ, असं ठळक अक्षरात. पण कायद्याला शेपूट होतं. सतत चालणाऱ्या कामांना सूट. बाकी कारखान्यांतली माणसं उजेडात घरी जायला लागली आणि काचवाले गेटातून त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनीही संप केला. मागणी एकच, दोनाच्या तीन पाळ्या करा.

संपाच्या पहिल्याच दिवशी पेच पडला. भट्टीचं काय करायचं? काहीजण म्हणाले, पडू दे थंड, नाक दाबलं की तोंड उघडतं. आणि ते बरोबरच म्हणत होते, मालकाचं नाक तिथंच होतं. पण वकील बाकावर चढला. "अरे, भट्टी गेली तर आठ तास करायचे कुठे? माझ्या परसात?" सगळे हसले आणि तिथेच हरले. संपवाल्यांनीच पाळ्या लावून भट्टी राखली, बिनपगारी. संप मालकाविरुद्ध आणि चाकरी त्याचीच! दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसांनी हा वेडेपणा केला असता असं वाटत नाही. पण त्या माणसांना थंड भट्टी बघवली नसती, दुधाचं जनावर उपाशी ठेवल्यासारखं वाटलं असतं. ते आपले यायचे, रीतीप्रमाणे आधीच येऊन मागे उभे राहायचे, आणि वरच्या ऑफिसच्या खिडकीतून एक माणूस रोज ते बघायचा.

तो होता मालकाचा कामगार अधिकारी. तेव्हा तरुण. आवाज हळू, बोलणं असं की त्यानं शिवी दिली तरी समोरच्यानं आभार मानावेत. कामगारांनी त्याचं नाव खडीसाखर ठेवलं होतं.

बोलणी त्याच खिडकीच्या खोलीत झाली. लांब टेबल, मालकाच्या बाजूला गादीच्या खुर्च्या, आपल्या बाजूला बाकडी. कामगारांकडून वकील आणि पॅकिंगवाली मावशी. ही मावशी कोणाचीच मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. बोलायची कमी, ऐकायची फार. वकील बोलून बोलून घसा बसवायचा आणि मावशी त्याच्या बाजूला बसून समोरच्यांचे हात बघायची. ती म्हणायची, माणूस तोंडानं खोटं बोलतो, हातांना तेवढं जमत नाही.

आणि आठ तास मिळाले. मालक थकला होता, बाहेरच्या ऑर्डरी अडल्या होत्या, काय असेल ते असो. तीन पाळ्या कबूल. चहा आला. वकिलानं कपबशी उचलली, आणि तेवढ्यात खडीसाखरेनं हळूच घसा साफ केला.

"एक बारीकशी गोष्ट राहिली, वकीलसाहेब. संपात मी खिडकीतून बघत होतो. पगार नाही, मुकादम नाही, तरी पुढचा आल्याशिवाय मागचा हलत नव्हता. मी मालकांना म्हटलं, ही माणसं नाहीत, सोनं आहे. ही तुमची रीत करारात यावी, असं मला मनापासून वाटतं. एकच वाक्य." आणि त्यानं ते वाचून दाखवलं. पुढच्या पाळीचा माणूस हजर होईपर्यंत कोणीही आपली जागा सोडणार नाही.

वकिलाची छाती फुगली. आजवर त्या टेबलावर कामगारांना आळशी म्हणत होते, चुकार म्हणत होते, आणि आज सोनं! इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. शिव्या पचवायची त्याला सवय होती, कौतुक पचवायची नव्हती.

मावशीनं कप खाली ठेवला. "हे आपण करतोच की. मग लिहून कशाला द्यायचं?"

"करतोच म्हणून तर," वकील म्हणाला. "जे करतोच ते लिहून द्यायला आपलं काय जातंय?"

"करतो तोवर ते आपलं असतं. लिहून दिलं की त्यांचं होतं."

"मावशी, आठ तास पदरात पडलेत. आता माशी शिंकवू नकोस."

मावशीनं कप पुन्हा उचलला. त्या दिवशी तिनं कुणाच्या हातांकडे बघितलं ते तिनं सांगितलं नाही. वकिलानं सही केली. तिनंही केली, कारण तो तिच्यापेक्षा जास्त बोलायचा आणि जास्त बोलणाऱ्याला जास्त कळतं असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. बाहेर माणसांनी वकिलाला खांद्यावर घेतलं. गेटच्या कमानीला त्याचं डोकं आपटलं, टेंगूळ आलं, ते तो आठवडाभर मिरवत होता.

आठ तासांचं सुख काय असतं ते बारा तासवाल्यालाच विचारावं. वकिलानं आपलं घर पहिल्यांदा दिवसाउजेडी नीट बघितलं आणि त्याला कळलं की भिंतीला ओल आहे. लेक त्याच्या मांडीवर बसून पाढे म्हणायला लागली, चुकली की त्याचाच कान धरायची. संध्याकाळी तो आणि बायको पुलापर्यंत चालत जायचे. तिथे त्याला असं कळलं की त्याची बायको नकला करते! घरमालक कसा चालतो, शेजारीण कशी शिंकते, मुकादम पोटावरचा पट्टा वर कसा ओढतो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि ही बाई एवढी गमतीची आहे याचा त्याला पत्ता नव्हता. तो पुलाच्या कठड्याला धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. "आधी का नाही दाखवल्यास गं?" तो विचारायचा. "कुणाला दाखवू?" ती म्हणायची. "झोपलेल्याला?"

ती वर्षं त्याची खरी कमाई. ती संपली ती अशी की कुणाला कळलंही नाही.

प्रत्येक पाळीत चार-दोन माणसं जादा असायची. कुणी आजारी पडला, कुणाकडे बाळंतपण निघालं, की ती माणसं त्या जागी उभी राहायची. करारात आठ तास होते, पण जादा माणसं किती ठेवायची याबद्दल अक्षर नव्हतं. खडीसाखरेनं कुणाला कामावरून काढलं नाही, हं. तसा तो सज्जन. फक्त जे निवृत्त झाले, मेले, गाव सोडून गेले, त्यांच्या जागी नवं कुणी आलं नाही. एका दुपारी भोंगा झाला आणि वकिलाच्या मागे कुणी उभं नव्हतं. मुकादम पट्टा ओढत आला. "बदली नाही आज. त्याला दुसऱ्या यंत्रावर घातलाय. करारात आहेच ना, वकील?" वकिलानं दुसरी पाळी उभ्यानं काढली. एखाद दिवस व्हायचं असं, असं तो स्वतःला म्हणाला.

एखाद दिवसाचे दोन झाले, मग आठवड्याला ठरून गेलं. आठ तास कागदावर, सोळा पायावर. जादा वेळेचे पैसे मिळायचे, म्हणून तरुण पोरं सुरुवातीला खूश होती. पुढे पुढे त्यांचीही तोंडं उतरली, पण तोवर घरखर्च त्या पैशाच्या मापानं वाढून बसला होता. रीत तर केव्हाच मेली. आधी येऊन काय करायचं? लवकर आलेल्या माणसाला मुकादम दिसेल त्या रिकाम्या जागी ढकलायचा. म्हणून माणसं भोंगा होईपर्यंत गेटाबाहेर बिड्या ओढत थांबायला लागली. जे आपणहून करत होते ते आता करायला लागत होतं, आणि करायला लागणारी गोष्ट माणूस जेवढ्यास तेवढीच करतो.

त्या वाक्याला नाव पडलं, वकिलाचं वाक्य. "आज सुटका नाही, वकिलाचं वाक्य लागलं," असं पोरं एकमेकांना सांगायची. वाक्य करणारा खडीसाखर, वाचणारा खडीसाखर, आणि नाव वकिलाचं! नळावर बायका त्याच्या बायकोला म्हणायच्या, "तुमच्या यांच्या वाक्यानं आमचे हे काल घरी आले नाहीत." ती हंडा भरून निघून यायची. घरी तिनं एकदाच, पुलावर जाणं बंद झाल्यानंतर, खडीसाखरेची नक्कल केली. हळू आवाजात, मान किंचित कलती ठेवून, सगळं वाक्य. हुबेहूब. वकील हसला नाही. ताट सरकवून उठला. त्यानंतर तिनं कुणाचीच नक्कल केली नाही.

त्यानं ते वाक्य काढायला काय केलं नाही? कामगार कचेरीत गेला. तिथल्या साहेबानं करार वाचला आणि चष्मा काढून पुसला. "कायदा आठ तासांचा आहे, मान्य. पण सतत चालणाऱ्या कामात दोन्ही बाजू राजीखुशीनं वेगळं ठरवू शकतात. तुम्ही ठरवलंय. खाली सही कुणाची आहे ही?" वकील आपली सही बघत राहिला. दर नव्या कराराच्या वेळी तो पहिली मागणी हीच लावायचा. खडीसाखर मान डोलवायचा. "काढू की वाक्य, वकीलसाहेब. मग पगारवाढ तेवढी निम्मी. माणसं जास्त ठेवावी लागतील ना?" आणि सभेत हात वर व्हायचे ते पगारवाढीसाठी. एका सभेत वकील फारच तळमळून बोलला, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" हशा पिकला. तो खाली बसला. मावशी शेजारीच होती. मरेपर्यंत तिनं 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागायचं.

गुडघे गेले तेव्हा त्यानं नोकरी सोडली. त्याच सुमारास जावयानं परगावी दुसरं घर केलं आणि लेक लहानग्याला घेऊन माहेरी आली. त्या गावात बाईमाणसाला पगारी काम म्हणजे एकतर कारखाना, नाहीतर कारखान्यातल्या साहेबांची घरं. ती कारखान्यात लागली, तपासणीच्या पट्ट्यावर. पांढऱ्या उजेडापुढून बाटल्या सरकत जातात, तडा, बुडबुडा, काचेची कणी दिसली की उचलून टाकायची. वकिलाला ते पसंत नव्हतं, पण पसंतीला विचारतो कोण? त्यानं तिला एवढंच शिकवलं, "औषधाच्या बाटल्या आहेत. डोळा हलला तर कणी कुणाच्या तरी पोटात जाते. जागा रिकामी टाकून कधी यायचं नाही." शिकवायला त्याच्याजवळ दुसरं होतं काय? आणि लेक बापाची. तिनं ते गाठीला बांधलं. मधे तिच्या शेजारची एक पोर बदली येईना म्हणून पट्टा सोडून गेली, तान्हं बाळ होतं तिला. दुसऱ्या दिवशी तिला गेटावरूनच परत पाठवलं. करार मोडला म्हणून.

मग बायकोचा दम वाढला. वर्षभर ती पाठीला उशी लावून बसल्याबसल्या झोपत होती. त्या दिवशी सकाळी डॉक्टर आला, नाडी धरून बराच वेळ उभा राहिला आणि बाहेर येऊन वकिलाला म्हणाला, "कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." लेक सकाळच्या पाळीला गेली होती. बायकोनं तिचंच नाव काढलं.

"तीनला सुटेल ती," वकील म्हणाला.

"सुटेल?" बायको म्हणाली. तेवढं म्हणायलाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

तीन वाजले. भोंगा घरापर्यंत ऐकू आला. वकील दारात उभा राहिला. पाळीची माणसं रस्त्यानं गेली, सायकली गेल्या, रस्ता रिकामा झाला. लेक आली नाही. त्यानं शेजारणीला बसवलं, नातवाला तिच्या हवाली केलं आणि चपला घातल्या. "हा गेलो नि हा आलो. तिला घेऊनच येतो."

बायकोनं डोळे उघडले. "दोघं या," ती म्हणाली.

गेटावरच्या माणसानं त्याला वर पाठवलं. खडीसाखर आता सगळ्या कारखान्याचा मोठा साहेब झाला होता, केस पांढरे, आवाज तोच. तो उठून उभा राहिला, स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकल्यावर त्याला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. तो ढोंग करत असता तर वकिलाला त्याची गचांडी धरता आली असती.

"आज तिघीजणी आल्याच नाहीत हो. पट्ट्यावर उभं करायला माणूस नाही. औषधाच्या बाटल्या, जागा रिकामी कशी सोडू? आणि एकीला सोडलं की उद्या दहाजणी येतील. वाक्य तर तुम्हालाच ठाऊक." त्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला. "तुम्ही कुणीतरी बदली उभा करा, मी लगेच सोडतो तिला. एवढं तुमच्यासाठी करीन."

वकील गुडघे सांभाळत जिना उतरला आणि गेटाबाहेर आला. चहाच्या टपरीपाशी सुटलेल्या पाळीची काही माणसं अजून रेंगाळली होती. त्यानं एकेकापुढे जाऊन सांगितलं. त्याला वाटत होतं की सांगायचाच अवकाश. एकेकाळी असं कुणी म्हटलं असतं तर चौघं धावले असते, डबा तिथेच टाकून. एकजण म्हणाला, "कालचा सोळा तास उभा होतो, वकीलसाहेब, डोळे उघडे राहत नाहीत." दुसऱ्याचं पोर आजारी होतं. तिसरा कप विसळण्यात गुंतला, जणू टपरी त्याचीच होती. चौथा त्याच्या जुन्या बदलीचा मुलगा, तो तापानं फणफणून आला होता त्याचा. तो खाली बघत म्हणाला, "माझा बाप तुमच्या त्या वाक्यातच गेला, काका. दुसरी पाळी करता करता पडला. मी नाही आत जायचा." त्यात राग नव्हता. वकिलाला वाटलं, यानं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

तो परत वर गेला. "मी उभा राहतो," म्हणाला.

खडीसाखरेनं कपाळाला हात लावला. "तुम्ही निवृत्त माणूस. बसत नाही नियमात." मग खिडकीतून थोडा वेळ बाहेर बघितलं. "बरं. तुमच्यासाठी म्हणून. पण वकीलसाहेब, मग बदली तुम्ही. तुमच्या जागी कुणी येईपर्यंत जागा सुटणार नाही. सुटली तर ती मोजायची तिच्या नावावर. मी बघतो कुणी मिळतंय का."

पट्ट्यावर लेक पाठमोरी होती. बाटल्यांवरची नजर न काढता तिनं विचारलं, "आई?"

"तुझं नाव घेतलंय. पळ."

"मग तुम्ही इथे काय करताय? तुम्ही घरी जा, बाबा, मी..."

"हिचं ऐका! इथं उभं राहून वाद घालतेय. आई तुला बोलावतेय, जा म्हणतो ना!"

ती गेली. दारापर्यंत चालत, मग धावत. वकील तिच्या जागी उभा राहिला. डोळ्यांवरचा चष्मा जुना, उजेड डोळ्यांत शिरणारा. बाटल्या येत राहिल्या. त्याला पहिल्यांदा सगळ्याच बाटल्यांत तडा दिसायला लागला, मग कशातच दिसेना. शेजारच्या बाईनं हात लांबवून त्याच्या पुढची एक बाटली उचलली आणि डब्यात टाकली. "काका, बुडाकडे बघा," ती म्हणाली, "तोंडाकडे नको." तो बुडाकडे बघायला लागला.

मधून मधून त्याची मान दाराकडे वळायची. कुणी येत नव्हतं. जाता आलं असतं का? आलं असतं. त्याचा पगार कापणारं कुणी नव्हतं, त्याला कुणी हात धरून अडवलं नव्हतं. पण जागा सुटली तर लेकीची नोकरी, आणि लेकीची नोकरी म्हणजे घरातली चूल. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. पट्टा चालू होता, बाटल्या कुणाच्या तरी घरी जाणार होत्या, आणि त्याचे पाय हलत नव्हते. मनात तो खडीसाखरेला शिव्या देत होता, स्वतःला देत होता. मरणाऱ्या बायकोला 'हा आलो' म्हणून निघालेला माणूस दुसऱ्याच्या औषधाची बाटली पारखत होता. आपण कुठल्या मातीचे बनलो आहोत याची त्याला त्या वेळी किळस आली.

खिडक्यांबाहेरचा उजेड गेला, वरचे दिवे लागले. गुडघे आता दुखायचेही थांबले होते, बधिर झाले होते. शेजारची बाई एकदम हात थांबवून त्याच्यामागे बघायला लागली, म्हणून त्यानं वळून बघितलं. लेक उभी होती. अंगात कामाचा डगला, केस फडक्यात बांधलेले.

त्यानं विचारलं नाही. विचारायचं काही राहिलं नव्हतं.

"तू परत कशाला आलीस?" एवढंच म्हणाला.

"बदली नको का तुम्हाला?" ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही काही यायचा नाहीत. मी ओळखत नाही का तुम्हाला?" ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि तो बाजूला झाला. तिची नजर लगेच बाटल्यांवर गेली. "जा तुम्ही. शेजारच्या काकू बसल्यात. पोराला जेवू घातलंय."

तो गेला नाही. तिथेच उभा राहिला. "मला विचारलं का तिनं?"

लेकीनं एक बाटली उचलली, उजेडापुढे धरली, डब्यात टाकली.

"विचारलं. मी म्हटलं, बाबा कामावर आहेत, बदली आली की येतील."

"मग?"

"मग काही नाही. हसली थोडी. म्हणाली, आजसुद्धा?"